‘एकच प्याला’ : नाटकातली दारू आणि गावातली दारू

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. त्यांचे वय तेहेतीस होते. त्यानंतर महिना उलटायच्या आत, फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते आणि सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. नाटककाराला आपले हे नाटक रंगभूमीवर पाहता आले नाही. त्यातली पदेही त्याची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. म्हणजे ज्या कृतीला आपण एका प्रतिभेचा अखंड आविष्कार म्हणून अभ्यासक्रमात शिकवतो, ती मुळातच दोन हातांनी लिहिली गेलेली आहे : गद्य एकाचे आणि गाणे दुसऱ्याचे. हे नाटक वर्षानुवर्षे शिकवताना आम्हांला त्याच्यातल्या ज्या फटी जाणवत गेल्या, त्यांतली ही पहिली.

फटी हा शब्द आम्ही दोष या अर्थाने वापरत नाही. व्यसनाविषयीच्या नाटकात एकच एक वास्तव टिकत नाही. पिणाऱ्याचे जग, घरच्यांचे जग आणि बाहेरून पाहणाऱ्यांचे जग ही तिन्ही एकाच खोलीत असतात आणि एकमेकांवर आदळत राहतात. ‘एकच प्याला’ त्या आदळण्याचा आवाज ऐकवते, हेच त्याचे बळ, असे आमचे मत आहे. मात्र शंभर वर्षांच्या आपल्या समीक्षेने तो आवाज बसवून, गुळगुळीत करून, त्यातून एक सद्बोध काढण्याचा उद्योग अधिक केला.

आधी काळाचा संदर्भ पाहू. दारूवर मराठीत नाटके यापूर्वीही झाली होती. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘मूकनायक’मध्ये मद्यपानाचा प्रश्न घेतला, पण तो कल्पित कथानकाच्या आडून. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’मध्ये (१९१३) मद्याच्या आहारी गेलेला आहे तो प्रत्यक्ष शुक्राचार्य. कचाची राख मद्यात मिसळून त्याला पाजली जाते आणि शेवटी तो मद्याचा त्याग करतो. पौराणिक पडद्याची ही सोय मोठी होती. प्रेक्षकाला स्वतःकडे पाहावे लागत नसे. गडकऱ्यांनी हा पडदा काढून टाकला. त्यांचा सुधाकर बुद्धिमान, तरुण, मानी वकील आहे. तो न्यायाधीशाशी भांडतो, त्याची सनद काही काळासाठी जाते, आणि अपमानाने जळत असताना त्याचा कारकून तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो. १९१९ साली बडोद्याच्या किंवा पुण्याच्या नाट्यगृहात पुढच्या खुर्च्यांवर बसणारा वर्ग नेमका हाच होता : वकील, कारकून, मास्तर, सरकारी नोकर.

त्याच वर्गाच्या राजकारणातही दारू होती. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा व्यवहार सरकारच्या मुठीत आणला आणि तेव्हापासून दारूचे दुकान हे महसुलाचे खाते झाले. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांना हरकत घेतली होती. पुढे १९०८ मध्ये पुण्यात दुकानांपुढे स्वयंसेवक उभे करण्याची चळवळ झाली आणि टिळकांनी तिला पाठबळ दिले. फुले आणि टिळक यांचे ज्या थोड्या प्रश्नांवर एकमत निघेल, त्यांत हा एक आहे. आता गंमत पाहा. गडकऱ्यांच्या नाटकात दारूचे दुकान नाही, ठेकेदार नाही, अबकारी खातेही नाही. दारू येते ती तळीरामाच्या हातून, एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे. सरकारने वाढवलेला धंदा नाटकात शिरताच व्यक्तीचे अधःपतन होतो. गडकऱ्यांना हे दिसत नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना नाटक लिहायचे होते, आणि मराठी नाटकाला तेव्हा जी भाषा अवगत होती ती घराची होती, खात्याची नव्हे.

आमच्या पाथरी तालुक्यात हा अभाव फार खुपतो, कारण इथला दारूचा इतिहास निराळा आहे. गडकऱ्यांच्या काळी परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे शिंदी आणि मोहाची दारू हे राज्याच्या उत्पन्नाचे फार मोठे साधन होते. शिंदीची झाडे सरकारी हिशेबात असत आणि त्यांचा मक्ता दिला जाई. म्हणूनच १९४७ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा पुकारला तेव्हा कार्यकर्ते कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडे तोडायला निघाले. झाड तोडणे म्हणजे निजामाच्या तिजोरीवर घाव घालणे. दारूविरोध आणि राज्यविरोध इथे एका कुऱ्हाडीत आले होते, आणि हे सारे मराठी रंगभूमीच्या दारूच्या कथेत कुठेही नाही. पुढे मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा राज्य पुनर्रचनेनंतर, १९५९ मध्ये, मराठवाड्यालाही लागू झाला. तो आजही नावाने दारूबंदीचाच कायदा आहे. त्याच कायद्याखाली पिणाऱ्याने परवाना बाळगायचा असतो, त्याच्याच आधारे देशी दारूच्या दुकानाला अनुज्ञप्ती मिळते, आणि शासनाच्या उत्पन्नात उत्पादन शुल्काचा वाटा केवढा आहे हे दर अर्थसंकल्पात वाचायला मिळते. हे वास्तव कोणत्याही नाटकाहून अधिक विसंगत आहे, पण त्यावर नाटक लिहिले जात नाही.

आता नाटकाच्या आत जाऊ. ‘एकच प्याला’मध्ये तीन नाटके एकाच वेळी चाललेली आहेत आणि ती एकमेकांचे ऐकत नाहीत.

पहिले नाटक तळीरामाचे. त्याचे ‘आर्य मदिरा मंडळ’ हा मराठीतला विनोदाचा एक उच्चबिंदू आहे. शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीत पितात. सभा भरते, ठराव होतात, भाषणे होतात. गडकऱ्यांनी इथे आपल्या काळाच्या साऱ्या मंडळबाजीची टर उडवली आहे. ज्या समाजाला सहभोजन जमत नाही त्याला सहपान जमते, हा त्यातला दंश. प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि हसता हसता तळीराम त्याला आवडू लागतो. इथेच बोधाचे गाडे अडते. दारूच्या दुष्परिणामांवर लिहिलेल्या नाटकातला सर्वांत जिवंत माणूस हा दारूचा प्रचारक निघाला. तो इतका जिवंत निघाला की त्याचे विशेषनाम सामान्यनाम झाले. ३१ डिसेंबरच्या रात्री पोलिसांनी किती ‘तळीरामां’वर कारवाई केली हे वृत्तपत्रे दर वर्षी छापतात. ‘सुधाकर’ हा शब्द कोणी त्या अर्थाने वापरत नाही. भाषेने आपला कौल विनोदाच्या बाजूने दिला, आणि त्याबरोबर पिण्याला एक लाडीक, क्षम्य रूपही दिले. तळीराम म्हटले की डोळ्यांपुढे झोकांड्या खाणारा गमत्या येतो. त्याच्या बायकोचे मंगळसूत्र येत नाही.

दुसरे नाटक सुधाकराचे. हे गद्य नाटक आहे, आणि आमच्या मते गडकऱ्यांची सर्वांत मोठी अंतर्दृष्टी याच भागात आहे. एका अपमानाने एवढा मोठा माणूस असा ढासळेल का, ही या नाटकावरची जुनी शंका आहे. शोकांतिकेचे कारण पुरेसे वजनदार नाही, असे आमच्याही गुरुजनांनी आम्हांला शिकवले. पण व्यसनाच्या बाबतीत कारण आणि परिणाम यांच्यात प्रमाण असावे ही अपेक्षाच चुकीची ठरते. पहिला पेला कशासाठी घेतला याचा दहाव्या पेल्याशी संबंध उरत नाही. गडकऱ्यांनी हे शास्त्राच्या आधी ओळखले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार मानला तो १९५६ साली. सुधाकर त्याआधी चार दशके रंगमंचावर उभा राहून आपल्या आसक्तीची एकेक पायरी स्वतःच उलगडून सांगत होता. समज शाबूत आहे आणि सुटका नाही, अशा माणसाचे ते बोलणे आहे. तो शुद्धीवर येतो, पेला टाकतो, कामधंद्याच्या शोधात निघतो. जुन्या प्रतिष्ठित ओळखीच्यांच्या दारी त्याची जी अवहेलना होते, तिने तो पुन्हा दारूकडे ढकलला जातो. हा प्रवेश आम्ही नाटकाचा कणा मानतो. दारू सोडणे कठीण आहेच, पण सोडलेल्या माणसाला समाजाने परत घेणे त्याहून कठीण, ही गोष्ट अण्वस्त्राइतक्या गंभीरपणे बोलणाऱ्या व्याख्यात्यांना आजही पटवून द्यावी लागते. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हा रुग्णाइतकेच त्याच्या घरच्यांना आणि परतीच्या वाटेला महत्त्व दिले गेले, ते याच कारणाने.

पश्चिमेतली जुनी दारूविरोधी नाटके या ठिकाणी तुलनेस घेण्यासारखी आहेत. १८४४ साली बॉस्टनमध्ये आलेले ‘द ड्रंकर्ड’ हे नाटक अमेरिकेत प्रचंड चालले. त्यात नायक घसरतो, तळाला जातो, एका सज्जनाच्या मदतीने सावरतो आणि शेवटी सुखी घरात बसलेला दिसतो. प्रेक्षकाने घरी जाऊन प्रतिज्ञा करावी, अशी ती रचना. गडकऱ्यांकडे रामलाल हा सज्जन आहे, त्याचे प्रयत्नही आहेत. सावरणे मात्र भगीरथाच्या वाट्याला येते, सुधाकराच्या नाही. दोघेही पीत होते. एकाला वाट सापडली, दुसऱ्याला नाही, आणि या फरकाचे समाधानकारक स्पष्टीकरण नाटक देत नाही. ते दिले नाही हे बरे झाले.

तिसरे नाटक सिंधूचे, आणि ते संगीत नाटक आहे. मोठी गोची इथे आहे. सिंधू दरिद्री होते, दळण दळते, लेकराला जोजवते, आणि गाते. भरजरी शालूंसाठी ख्यात असलेल्या बालगंधर्वांनी या भूमिकेत साधी वस्त्रे स्वीकारली याचे तेव्हा कौतुक झाले. पण गळ्याला कोण साधी वस्त्रे नेसवणार? सुंदराबाई जाधवांसारख्या गायिकेकडून आलेल्या ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली, नारायणरावांचा आवाज, आणि समोर ‘वन्स मोअर’ म्हणणारा प्रेक्षक. घरात अन्न नाही आणि पद मात्र तिसऱ्यांदा घेतले जात आहे! नाटकातला काळ थांबतो, भूक थांबते, नवऱ्याची वाट पाहणेही थांबते. वास्तववादाच्या कसोटीवर हे हास्यास्पद ठरेल. तरी जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींतून एक गोष्ट पुनःपुन्हा येते : लोक रडत. सुखावत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. दुःख सुंदर करून पाहण्याची ही जी सवय आपल्याला त्या काळी लागली ती सुटलेली नाही, आणि तिचेही एक व्यसन असते, असे आम्हांला कधी कधी वाटते.

जात्याचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. पाथरीहून गोदावरी ओलांडली की माजलगाव लागते. या भागातल्या बायकांनी जात्यावर गायिलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ध्वनिमुद्रित केल्या. महाराष्ट्रभरातून त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यांत आमच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावांचाही वाटा आहे. त्या ओव्यांत सीता वारंवार येते. पण ती कशी येते? वनवासाला धाडलेली, एकटी, जिच्यासाठी दळणारीचा जीव तुटतो अशी. रामाला तिथे देवपण असूनही बोल लावला जातो. गडकऱ्यांची सिंधू त्याच सीतेच्या कुळातली आहे, परंतु तिच्या तोंडी बोल लावणे नाही. खऱ्या जात्यावरच्या बाईला जे म्हणता येत होते ते रंगमंचावरच्या जात्यावर म्हणता आले नाही. लोकगीताने मोकळी ठेवलेली वाट मध्यमवर्गीय नाटकाने बंद केली. पुरुष लेखकाने लिहिलेली, पुरुष कवीने जिची पदे रचली आणि पुरुष नटाने जी उभी केली अशी ती स्त्री आहे, हे ध्यानात घेतले की यात आश्चर्य उरत नाही. नाटकात बोल लावणारी एक बाई आहे खरी : तळीरामाची बायको गीता. ती फटकळ आहे, नवऱ्याची गय करत नाही. पण गडकऱ्यांनी तिला हलक्या, विनोदी सुरात बसवले. उच्चवर्णीय वकिलाच्या पत्नीला शोक आणि कारकुनाच्या बायकोला खरे बोलण्याची मुभा, अशी ही वाटणी आहे.

आणि मग शेवट. दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून लेकरू जाते, सिंधू घायाळ होते. फौजदार येतो. मरणोन्मुख सिंधू त्याला सांगते की आपण आपल्याच चुकीने पडलो, नवऱ्याचा काही दोष नाही. तिच्यानंतर सुधाकरही विष घातलेला शेवटचा पेला घेतो. या खोट्या जबाबाला मराठी रंगभूमीने पातिव्रत्याचा परमोच्च क्षण मानले. आमच्या विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांत ‘सिंधूचे व्यक्तिचित्र रेखाटा’ हा प्रश्न इतक्या वेळा आला की त्याचे उत्तर बाजारातल्या मार्गदर्शकांत छापील तयार मिळते. ‘आदर्श पतिव्रता’ हे त्या उत्तराचे पहिले उपशीर्षक असते.

पाथरीत हा प्रवेश वर्गात वाचला की मात्र छापील उत्तर निरुपयोगी होते. आमच्याकडे येणाऱ्या मुलींत ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुली असतात, शेतमजुरांच्या असतात, लहान दुकानदारांच्या असतात. संध्याकाळी बाप कोणत्या पावलांनी घरी येतो हे ओळखायला त्यांना नाट्यशास्त्र लागत नाही. त्यांना हा प्रवेश जुना वाटत नाही. सरकारी दवाखान्यात ‘पाय घसरून पडले’ असे सांगणारी बाई त्यांनी पाहिलेली असते. काही जणींना सिंधूचा राग येतो. काही जणी तिची बाजू घेतात, पण पातिव्रत्यासाठी नव्हे. त्यांचे म्हणणे सरळ असते : खरे सांगून ती जाणार कुठे होती? यावर आम्ही पद्माकराकडे, म्हणजे तिच्या सधन भावाकडे बोट दाखवतो. भाऊ तिला न्यायला तयार आहे. त्यावर मुली जो प्रतिप्रश्न करतात तो कोणत्याही समीक्षाग्रंथात आम्हांला आढळला नाही : भावाच्या घरी तिची जागा काय असती? सिंधूच्या खोट्याचा उगम प्रेमात शोधायचा की बेघर होण्याच्या भयात, हा प्रश्न गडकऱ्यांनी विचारलेला नाही. त्यांच्या नाटकाने मात्र तो उघडा ठेवला आहे.

घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्यात स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. सिंधूच्या दृष्टीने पाहिले तर शिक्षेच्या तरतुदीहून ही तरतूद मोलाची. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांनी मतदान करण्याची जी पद्धत महाराष्ट्रात आहे, तिच्यातही आम्हांला एक नाट्य दिसते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. दुकान बंद व्हावे असे वाटणारी बाई आडव्या बाटलीवर शिक्का मारते. नवऱ्याचे नाव न घेता, पोलिसापुढे जबाब न देता, पडद्याआड एकटीने. सिंधूला जे बोलता आले नाही ते बोलण्याची ही एक मूक जागा आहे. दुकान बंद झाल्यावर दारू चोरवाटेने येते, हे खरेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातली २०१५ची दारूबंदी २०२१ मध्ये उठवली गेली, तेव्हा हाच युक्तिवाद पुढे होता. त्या वादाचा निकाल आम्ही इथे लावणार नाही.

अलीकडच्या काळात व्यसनावरचे नाटक कुठे पोहोचले आहे, याचे एक उदाहरण लंडनचे आहे. डंकन मॅकमिलनचे ‘पीपल, प्लेसेस अँड थिंग्ज’ २०१५ साली नॅशनल थिएटरने केले. त्यातली नायिका स्वतः नटी आहे, व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेली आहे, आणि ती खोटे बोलते. नाव खोटे, घरची हकिकत खोटी. मादक द्रव्य शरीरातून उतरत असताना रंगमंचावर तिच्यासारख्याच अनेक जणी अवतरतात. खरे काय हे प्रेक्षकाला कळेनासे होते. घरी परतल्यावर ती क्षमा मागते तेव्हा आईबापांना ती आणखी एक भूमिका वाटते. इथे वास्तवांची टक्कर हे नाटककाराचे जाणीवपूर्वक तंत्र आहे. गडकऱ्यांच्या हाती असे तंत्र नव्हते. त्यांच्याकडे विनोदी प्रवेश, गंभीर प्रवेश आणि पदे यांची रूढ गुंफण होती, आणि विषयानेच ती गुंफण विस्कटून टाकली. दोन्ही नाटकांत खोटे बोलणारी एक स्त्री मध्यभागी आहे. एकीचे खोटे स्वतःच्या व्यसनासाठी, दुसरीचे नवऱ्याच्या.

हल्ली ‘एकच प्याला’ करणाऱ्या संस्था संहिता कापून दोन-अडीच तासांत बसवतात, आणि ते अपरिहार्यही आहे. कात्री कुठे चालते हे मात्र आम्ही लक्ष देऊन पाहतो. पदे राहतात, कारण तिकीट त्यांवर विकले जाते. तळीराम राहतो, कारण हशा त्याच्यावर आहे. कात्री लागते ती बहुधा सुधाकराच्या लांब स्वगतांना. आणि फौजदाराच्या प्रवेशात नट घाईघाईने जबाब लिहून निघून जातो. सिंधूचे म्हणणे त्याला पटले होते का, हे दाखवायला एक क्षणभर थांबणारा फौजदार आम्हांला अजून रंगमंचावर पाहायचा आहे.